कष्टकरी स्त्री आणि मिश्रीची डबी

व्यसन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुरुष उभा राहतो. पगाराच्या दिवशी गुत्त्यावरून झिंगत येणारा, घरातली भांडी विकणारा, बायकोला मारणारा. या चित्रात स्त्री असते ती व्यसनाने गांजलेली म्हणून. ती स्वतः व्यसनाच्या आहारी गेलेली असेल, ही गोष्ट आपल्या मनात येत नाही आणि आली तरी ती बोलून दाखवण्याची रीत नाही.

दारूपुरते पाहिले तर हे चित्र खोटे नाही. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेने देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणे पुरुषांत शेकडा २७.३ दारू घेणारे आढळले, तर स्त्रियांत शेकडा १.६. आपल्या राज्यात गावोगावच्या स्त्रियांनी उभी बाटली की आडवी बाटली असे मतदान करून दारूची दुकाने बंद पाडली, हेही सर्वांना ठाऊक आहे. पण आम्ही त्या मतदानाच्या रांगा पाहिल्या आहेत. रांगेत उन्हात उभ्या असलेल्या बायांपैकी कितीतरी जणींच्या कनवटीला एक लहानशी पत्र्याची डबी होती. दुपार टळली तशी एकेक जण रांग सोडून भिंतीच्या आडोशाला जाई, बोट दातांवरून फिरवी, थुंके आणि परत येऊन उभी राही. त्या डबीला कोणी बाटली म्हणत नाही. आजचा आमचा विषय ती डबी हा आहे.

डबीत असते ती मिश्री. मुंबईकडे आणि कोकणात तिला मशेरी म्हणतात. (उत्तरेकडचा माणूस मिश्री शब्द ऐकून खडीसाखर समजतो, आणि आमच्या एका बिहारी सहकाऱ्याने एकदा चिमूटभर तोंडात टाकून त्याचे फळ भोगले.) करण्याची रीत अशी. तंबाखूचे पान बाजारातून सुटे आणायचे, तापल्या तव्यावर किंवा पत्र्यावर ते काळे पडेपर्यंत भाजायचे, मग कुटून वस्त्रगाळ पूड करायची. भाजताना जो धूर निघतो त्याने शेजारच्या चार खोल्यांतील माणसे खोकू लागतात. चाळीत वाढलेल्या प्रत्येकाला तो वास ओळखता येतो. ही पूड बोटावर घेऊन दातांना आणि हिरड्यांना घासायची. सकाळी घासण्यापासून आरंभ होतो, मग ती जेवणानंतर लागते, मग चहाच्या आधी, आणि काही वर्षांत अशी वेळ येते की दिवसातून सहा-सात वेळा डबी उघडल्यावाचून चालत नाही. घासणे राहते बाजूला आणि पूड हिरडीत धरून बसणे सुरू होते.

या वस्तूचे सारे बळ ‘दात घासणे’ या दोन शब्दांत आहे. विडी ओढणारी बाई गावात उठून दिसते. दारू पिणारी तर बदनामच होते. परंतु दात घासणाऱ्या बाईकडे बोट कोण दाखवणार? सासू सुनेला भाजायला सांगते, सून आपल्या मुलीला कुटायला बसवते, आणि मुलीचा दात दुखला की आजी तिच्या हिरडीला चिमूटभर लावते. ठणका थांबतो, मुलीला घेरी येते, एखाद वेळी उलटी होते. पुन्हा दात दुखतो तेव्हा घेरी येत नाही. व्यसनाची दीक्षा इतक्या सोज्ज्वळ मार्गाने दिली जाते की देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ती उपचार वाटते.

मग याला व्यसन का म्हणावे? त्याची परीक्षा सोपी आहे. डबी घरी विसरलेल्या बाईला दुपारी पाहावे. डोके ठणकते, चिडचिड होते, हाताला काम लागत नाही, लेकराच्या पाठीत धपाटा बसतो. शेजारणीकडून चिमूट मिळाली की पाच मिनिटांत चेहरा बदलतो. ‘सवय आहे हो’ असे ती म्हणते. सवय मोडली तर माणसाला चुकल्याचुकल्यासारखे वाटते, शरीर बंड करून उठत नाही. येथे शरीर बंड करते, कारण तंबाखूत निकोटिन नावाचे द्रव्य आहे. ते तोंडाच्या पातळ अस्तरातून रक्तात उतरते आणि मेंदूपर्यंत जाते. तेथे ते क्षणभर तरतरी आणते, मन हलके करते आणि भूक मारते. रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते, म्हणून तल्लफ पुन्हा उठते. मेंदूला त्याची जोड लागली की त्यावाचूनची अवस्था हीच दुखणे होऊन बसते, आणि पुढची चिमूट सुखासाठी लागत नाही, ते दुखणे घालवण्यासाठी लागते.

वर जे म्हटले त्यातील ‘भूक मारते’ हे दोन शब्द आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे आहेत. डॉक्टर मंडळी ते ओझरते सांगतात. आम्ही विडी कामगारांत आयुष्य घालवले, म्हणून आम्हाला ते ओझरते सोडता येत नाही.

विडी वळणाऱ्या बाईचा दिवस पाहा. मजुरी हजार विड्यांवर ठरलेली. पहाटे पाणी भरायचे, स्वयंपाक उरकायचा, मग मांडीवर सूप घेऊन बसायचे. पान कापायचे, जर्दा भरायचा, वळायचे, दोरा बांधायचा. मान खाली, पाठ वाकलेली. उठले की विड्या कमी होतात आणि विड्या कमी झाल्या की पैसे कमी. कारखान्यात देताना त्यांतल्या काही खराब म्हणून छाटल्या जातात, त्यांचे पैसे मिळत नाहीत, विड्या मात्र परत मिळत नाहीत. अशा बाईला अकरा वाजता भूक लागली तर तिने काय करावे? उठून भाकरी खाल्ली तर वेळ जातो, शिवाय भाकरी मुलांच्या वाटणीची असते. डबीतली चिमूट बसल्या जागी मिळते, तिला वेळ लागत नाही, आणि ती दोन तास पोटाला गप्प करते. शेतावर खुरपणाऱ्या, रस्त्याची खडी वाहणाऱ्या, पहाटे शहर झाडणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बायांचा हिशेब थोड्याफार फरकाने हाच. विडी वळणाऱ्या बाईच्या अंगात तर तंबाखूची धूळ श्वासातून आणि हातांच्या कातडीतूनही जातच असते. ती पुरुषांसाठी विडी वळते आणि स्वतःसाठी मिश्री भाजते.

ही गोष्ट नवी नाही, आणि ती समजण्यासाठी शंभर वर्षे मागे जाणे उपयोगी आहे.

१९२० च्या सुमारास मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगारांपैकी जवळपास पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. त्या मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत असत. १९२२ साली कायद्याने दिवसाचे तास अकरा आणि आठवड्याचे साठ अशी मर्यादा घातली, म्हणजे त्यापूर्वीची स्थिती काय असेल ते ध्यानात येईल. बाळंतपणाची रजा नाही, पगार नाही. बाळंतीण शक्य तितक्या लवकर कामावर येई आणि तान्हे मूल चाळीच्या खोलीत राही. भूक लागून रडणारे मूल दिवसभर गप्प कसे राहायचे? त्यावर तोडगा होता बाळागोळी. अफूची ती लहानशी गोळी सकाळी बाळाच्या तोंडात घालायची की ते संध्याकाळपर्यंत पडून राही. मुंबई सरकारने गिरणीतील स्त्रियांची स्थिती पाहण्यासाठी डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरची नेमणूक केली होती. त्यांचा अहवाल १९२२ साली सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये आला. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या शंभर मुलांपैकी अठ्ठ्याण्णवांना अफू दिली जाते, असे त्यात नमूद आहे. अफूने मूल झोपते, पण अफू श्वासही मंद करते आणि भूकही घालवते. संध्याकाळी आई परतली तरी मूल नीट पीत नाही. ते वाळत जाते. अफू त्या काळी सरकारी परवान्याच्या दुकानात मिळत असे आणि तिचा महसूल सरकारच्या तिजोरीत जाई.

त्या वेळी सुशिक्षित वर्गात या आयांविषयी काय बोलले जाई, त्याची कल्पना करणे कठीण नाही. अडाणी, निर्दय, पोटच्या गोळ्याला विष घालणाऱ्या. परंतु शंभरांतल्या अठ्ठ्याण्णव आया निर्दय असू शकत नाहीत. अठ्ठ्याण्णव म्हटले की तो स्वभावाचा प्रश्न राहत नाही, कामाच्या तासांचा होतो. हे ज्यांनी ओळखले त्यांनी उपदेश केला नाही, कायदा मागितला. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याचे विधेयक आणले, ते नामंजूर झाले. मुंबईच्या कायदेमंडळात तसेच विधेयक आले तेव्हा १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९२९ साली मुंबई इलाख्याचा प्रसूतिभत्त्याचा कायदा झाला. देशातला तो पहिला. पुढे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेने औषधाखेरीज इतर उपयोगासाठी अफू देणे दरवर्षी कमी करीत १९५९ पर्यंत बंद करण्याचे ठरवले. रजा, पाळणाघर आणि दुकानाला कुलूप, या तिन्ही गोष्टी झाल्या तेव्हा बाळागोळीचे पाय मोडले.

येथे एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर आमच्या व्याख्यानाला प्रचारसभेचे रूप येईल. बाळागोळी गेली, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत गिरण्यांतून बाईही गेली. प्रसूतिभत्ता द्यावा लागतो, पाळणाघर बांधावे लागते, रात्रपाळीला ठेवता येत नाही, तर मग बाई ठेवायचीच कशाला, असा हिशेब मालकांनी केला. कामगार संघटनांनीही त्या वेळी पुरुषांच्या नोकऱ्या राखण्याकडेच लक्ष दिले. ज्या स्त्रिया कारखान्याच्या भिंतीबाहेर गेल्या त्या घरबसल्या विडीत, बांधकामावर, धुण्याभांड्यांत शिरल्या. तेथे तास मोजणारा कोणी नव्हता आणि पाळणाघर मागायला मालकाचा पत्ता नव्हता.

आता पुन्हा मिश्रीकडे येऊ. सरकारने तंबाखूविरुद्ध काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९२ साली दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी झाली, आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली. २००३ साली सिगारेट आणि इतर तंबाखूच्या वस्तूंविषयीचा कायदा झाला, पाकिटांवर चित्रे आली. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. या साऱ्याचा परिणाम झालेला दिसतो. देशातील प्रौढ स्त्रियांपैकी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या २००९-१० साली शेकडा १८.४ होत्या, त्या २०१६-१७ च्या पाहणीत १२.८ वर आल्या. त्याच पाहणीत धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया शेकडा २ होत्या. म्हणजे बाईचे व्यसन हे मुख्यतः बिनधुराचे, तोंडातल्या तोंडात राहणारे आहे.

पण घरी तव्यावर भाजलेल्या मिश्रीला पाकीटच नाही. चित्र छापायचे कोठे? ती दंतमंजन म्हणून विकली जात नाही, म्हणून १९९२ च्या बंदीत सापडत नाही. गुटखा नव्हे, म्हणून २०१२ च्या बंदीतही नाही. ती बाजारात जन्मतच नाही, चुलीवर जन्मते. कायद्याचा हात दुकानापर्यंत पोचतो, चुलीपर्यंत पोचत नाही. आणि कोणी पोलीस चुलीपर्यंत पाठवावा असे म्हणेल, तर त्याला आमचा ठाम विरोध आहे.

अपाय कोणता, हे थोडक्यात सांगतो. बिनधुराच्या तंबाखूने माणसाला तोंडाचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निःसंदिग्ध म्हटले आहे. धूर नाही म्हणून धोका नाही, ही समजूत चूक. गरोदर स्त्रीच्या बाबतीत अपाय दुसऱ्या जिवालाही होतो. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी झाली, ती २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आली. बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची मुले सरासरीने १०५ ग्रॅम कमी वजनाची निघाली आणि वेळेआधी जन्मण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक दिसले. १०५ ग्रॅम म्हणजे काय मोठेसे, असे कोणाला वाटेल. जे मूल अडीच किलोच्या काठावर आहे त्याला ते मोठे आहे. गरोदरपणात मिश्री वाढतेच, हेही आम्ही पाहिले आहे, कारण मळमळ थांबते अशी समजूत आहे. बाळागोळी बाळाच्या तोंडात घालावी लागत असे, मिश्री आईच्या तोंडातून त्याच्यापर्यंत जाते.

आता एक आक्षेप. आमच्याच संघटनेतल्या एका वयस्क बाईंनी तो सभेत उभ्या राहून घेतला होता. त्या म्हणाल्या, “दादा, दिवसभरात माझं म्हणून काय आहे? पदर पसरून पाच मिनिटं बसते, ती डबीपायी. तेवढंही काढून घेता?” सभेत सगळ्या बाया हसल्या आणि मग गप्प झाल्या. ही गोष्ट कोणत्याही आरोग्यपत्रिकेत छापलेली नसते. मिश्रीच्या निमित्ताने बाई थांबते. ओट्यावर दोघी-तिघी जमतात, डबी फिरते, सुखदुःखाच्या चार गोष्टी होतात. ज्या बाईला कामातून उठण्याचे दुसरे कोणतेही मान्य कारण नाही, तिच्या हातातून डबी काढून घेणे म्हणजे तिची सुट्टीच काढून घेणे होय. तेव्हा मिश्री सोडा म्हणणाऱ्याने पाच मिनिटे कोठून आणायची, तेही सांगितले पाहिजे. आमच्या परीने आम्ही त्या बाईंना एवढेच म्हटले की पाच मिनिटे राहू द्या, डबी तेवढी बाजूला ठेवा, आणि सूप बाजूला ठेवण्याची दुपारची वेळ सगळ्याजणी मिळून ठरवा, म्हणजे एकटीच मागे पडल्याची भीती नाही. तीन वस्त्यांत ते जमले, चौथ्या वस्तीत जमले नाही. तेथे घरटी विड्यांची चढाओढ फार आहे.

दुसरा आक्षेप आम्हाला शहरातले सज्जन घेतात. विडी कामगारांची पोटे तंबाखूवर, मग तुम्ही तंबाखूविरुद्ध कोणत्या तोंडाने बोलता? उत्तर असे की कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्याला फुप्फुसाच्या रोगाविरुद्ध बोलण्याचा अधिकार सर्वांहून अधिक असतो. ज्यांना विडीचा धंदा बंद व्हावा असे वाटते त्यांनी बाईच्या हाताला दुसरे काम द्यावे, आम्ही पहिल्या दिवशी सूप टाकून देऊ.

मिश्री सुटते का? सुटते. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात, आठवडाभर डोकेदुखी आणि चिडचिड राहते, आणि तीन-चार आठवड्यांत शरीराची ओढ बरीच ओसरते. बायका मध्येच परत वळतात त्याचे एक कारण कोणी उघड बोलत नाही, म्हणून आम्ही बोलतो. मिश्री लावल्यावाचून पोट साफ होत नाही. हा मनाचा खेळ नाही. निकोटिन आतड्यांना चाळवते, आणि ते बंद झाले की काही दिवस बद्धकोष्ठ होते. त्यात पहाटे अंधारात बाहेर जावे लागणारी बाई असेल तर तिला ती वेळ चुकवून चालत नाही. हे आधी सांगितले, कोमट पाणी, भाज्या, लागल्यास डॉक्टरचे साधे औषध यांची तजवीज केली, तर परत वळणाऱ्या कमी होतात. एकटीने सोडण्यापेक्षा ओट्यावरच्या तिघींनी एकदम सोडणे सोपे, कारण डबी फिरेनाशी होते. ज्यांना फारच जड जाते त्यांच्यासाठी निकोटिनच्या गोळ्या आणि च्युइंगगम असतात. गरोदर बाईने ते डॉक्टरला विचारूनच घ्यावे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिल व डॉ. सुनंदा अवचट यांनी मुक्तांगण काढले. त्यात पुढे स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग झाला, तो वेगळा का काढावा लागला याचा विचार श्रोत्यांनी करावा. बाप व्यसनमुक्तीसाठी महिनाभर गेला तर घर आई चालवते. आई गेली तर?

सोडायची तयारी नसेल तरी तोंड दाखवायला हरकत नाही. २०१६ पासून सरकारच्या कार्यक्रमात तीस वर्षांवरील माणसांची तोंडतपासणी आरोग्य केंद्रात ठेवलेली आहे. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्ण न उघडणे, या खुणा दिसल्या तर थांबू नये. लवकर सापडले तर उपचार होतो. अडचण अशी की डोक्यावरचा पदर सावरत परक्या पुरुषापुढे आ करून बसायला आमच्या बाया तयार होत नाहीत. वस्तीवर आशाताई बरोबर असेल तर होतात.

तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी सरकारने १८००-११-२३५६ हा फुकट क्रमांक ठेवला आहे. क्रमांक चांगला आहे. परंतु घरातला फोन बहुधा मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खिशात असतो, आणि आपण मिश्री सोडतो आहोत हे नवऱ्यासमोर फोनवर सांगायला बाईला लाज वाटते, कारण आपण व्यसनी आहोत हे तिने त्याच्यापुढे कधी कबूलच केलेले नसते. म्हणून संघटनेच्या कचेरीत आम्ही एक फोन वेगळा ठेवला आहे. गुरुवारी, विड्या देऊन परतताना, बाया तेथे येतात, दार लोटून घेतात आणि बोलतात.